स्प्रिंग घेऊ की हवा?

नवी गाडी बुक करायला बसलेली माणसं आधी रंग बघतात. मग सीटचं कातडं, मग म्युझिक सिस्टिम, मग छताची काच. सस्पेन्शनचं पान शेवटी उघडतं. सेल्समन विचारतो, "यात कोणतं टाकू?" आणि समोरचा म्हणतो, "चांगलं असेल ते टाका." माझ्या मते हे पान सगळ्यांत आधी वाचायला हवं. रंग मागाहून बदलता येतो, सीटला नवं कव्हर शिवता येतं, स्पीकर बाजारात हवे तेवढे मिळतात. स्टीलच्या स्प्रिंगवर आलेल्या गाडीला मात्र नंतर कंपनीचं एअर सस्पेन्शन बसवायचं म्हटलं, तर कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्हचा ब्लॉक, चारी चाकांजवळचे उंचीचे सेन्सर, वायरिंग, कंट्रोल युनिटचा प्रोग्राम, सगळंच नव्याने उभं करावं लागतं. कोणी करत नाही, आणि करूही नये. सहीच्या दिवशी जे ठरतं ते गाडी विकेपर्यंत पाठीच्या मणक्याला पुरतं.

आमचं वर्कशॉप इंदूरला बड्या गणपतीजवळ. पंचवीस फुटांच्या बैठ्या मूर्तीमुळे चौकाला हे नाव पडलं. मल्हारगंज, राजमोहल्ला, किला मैदान, विमानतळाचा रस्ता, सगळं इथून जवळ. आता या चौकाचं नाव मेट्रोच्या भुयारी मार्गावरच्या स्टेशनांच्या यादीतही आलंय. आजोबांनी इथे टांग्यांचे पाटे बांधले, वडिलांनी ट्रकांचे, आणि मी मोटारींच्या खाली आयुष्य काढतोय. गिऱ्हाईक येतं ते "भिया, शॉकर देख लो" म्हणत. आमच्या घरची मराठी आणि दुकानाची हिंदी एकमेकींत इतक्या मिसळल्यात की कोणती कुठे संपते ते आम्हालाही कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत वाढलेला एक मुलगा आला. त्याचा आता पिथमपूरला औषधांचा कारखाना आहे. पोर्शे केयेन ऑर्डर करत होता. "काका, मुंबईला त्यांनी एअरवाली चालवायला दिली. इतकी अलगद गेली की काय सांगू. स्प्रिंगवाली घेतली तर मागाहून पस्तावा होईल का?" मी विचारलं, चालवलीस कुठे? तर सी-लिंकवर. मी म्हटलं, "सी-लिंकवर कोणतीही गाडी अलगदच जाते रे. तुझा रस्ता कोणता ते सांग आधी." त्याने सांगितलं. रोज बडा गणपती ते पिथमपूर, महिन्यातून एखादी पुण्याची खेप आग्रा रोडने, आणि मागच्या सीटवर आई. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, मणक्याचं दुखणं आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

त्याला उत्तर देण्याआधी काउंटरवरचा एक कापलेला शॉकर त्याच्या हातात दिला. हा मी मुद्दाम उभा चिरून ठेवलाय. आपल्याकडे देवासला गॅब्रिएलचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कारखाना आहे. 1961 मध्ये मुंबईच्या मुलुंडला सुरू झालेली ही कंपनी. त्यामुळे या भागातल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी शॉकर बनवणारं आहे, तरीही शॉकर नेमकं काय करतो हे दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, खड्ड्याचा धक्का शॉकर खातो. धक्का खाते ती स्प्रिंग. ती दबते, आणि दबलेली ताकद परत द्यायला बघते. शॉकर नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डुलत राहील. ते डुलणं मारायचं काम शॉकरचं. आत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं, आणि भोकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी चकत्या. या चकत्या इतक्या पातळ की बोटाने वाकतात. तेल हळू ढकललं तर बारीक वाटेने जातं, जोरात ढकललं की चकत्या वाकून मोठी वाट देतात. पाण्यात हात सावकाश फिरवला तर सहज फिरतो, झपकन फिरवला तर अडतो. तो अडण्याचा जोर किती असावा, हे या चकत्या ठरवतात. कंपनीचा इंजिनिअर गाडीचा स्वभाव घडवतो तो बराचसा इथे, या चकत्यांच्या जाडीत आणि संख्येत.

तेलात मारलेली हालचाल जाते कुठे? तिची उष्णता होते. वडिलांच्या उस्तादांनी मला शिकवलेली पहिली तपासणी हीच होती. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचे चारी शॉकर हाताने चाचपायचे. तीन गरम आणि एक गार लागला, तर गार आहे तो गेलेला. तो काम करत नाही म्हणून तापत नाही. आता दुकानात स्कॅनर आहे, लिफ्ट आहे, तरी माझा हात अजून आधी तिथेच जातो.

आजोबांच्या वेळी स्प्रिंग आणि शॉकर असं वेगळं करून समजावायची गरजच नव्हती. पाट्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, तेच घर्षण डुलणं मारतं. पाटा हा स्प्रिंगही होता आणि थोडाफार शॉकरही. लंडनच्या ओबडाया इलियटने 1804 मध्ये बग्गीच्या लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं, आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं घोडागाडी असो की मोटार, तोलली ती पाट्यांनीच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांची बॉडी चढवून घेतली. त्या काळातल्या जगातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांपैकी ही एक. सुपरचार्जर लावलेलं इंजिन, कंपनी 320 अश्वशक्ती सांगायची. तिच्याही खाली पुढे-मागे आडवे अक्ष आणि पाटेच होते. इंदूरमध्ये खास ऑर्डर देऊन वेगवान गाडी घ्यायची परंपरा अशी जुनी आहे. फरक इतकाच की तेव्हा बॉडी निवडता यायची. आज बॉडी कारखान्याची आणि खालचं मात्र निवडता येतं.

निवडायचं ते रस्ता बघून. आणि माळव्याचा रस्ता काही साधा नाही.

आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता एक-दोन पावसाळ्यांत लाटा धरतो. खड्डा दिसत नाही, पृष्ठभाग गुळगुळीतच असतो, पण गाडी शंभरच्या वेगाला वर-खाली तरंगायला लागते. मागे बसलेल्याला मळमळतं. ही मोठी, सावकाश हालचाल. याच्या नेमकं उलट शहरात. मल्हारगंजाच्या गल्ल्यांतली उंच-सखल गटाराची झाकणं, पेव्हरच्या कडा, केबलसाठी खोदून ओबडधोबड बुजवलेल्या चऱ्या. हे धक्के बारीक, पण तीक्ष्ण. आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मार्गदर्शिकेत गोल गतिरोधकाचं माप दिलंय: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, ताशी 25 किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. आमच्या भागातले बरेचसे गतिरोधक उंचीला तेवढेच आणि रुंदीला हातभर असतात. रहिवाशांनी रात्रीतून सिमेंट ओतून केलेले.

स्प्रिंगवर तोललेलं गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होतं. स्पोर्टी गाडीत थोडं जास्त. चाक मात्र त्याच्या धुऱ्यासकट सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. आणि बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त त्रास होतो तो मधल्या पट्ट्यातल्या हादऱ्यांचा, सेकंदाला चार ते आठ. काळ्या मातीच्या लाटांना शॉकर घट्ट हवा, म्हणजे अंग तरंगणार नाही. गटाराच्या झाकणाला तोच शॉकर मऊ हवा, म्हणजे चाकाचा धक्का वर पोचणार नाही. साध्या शॉकरमध्ये इंजिनिअरला मधला कुठला तरी बिंदू पकडावा लागतो. स्पोर्टी म्हणून विकायची गाडी असेल तर तो बिंदू घट्ट बाजूला सरकतो. बाकी सगळे पर्याय, कितीही मोठ्या नावांचे असोत, याच एका पेचावरची उत्तरं आहेत.

यातलं मला सर्वांत आवडणारं उत्तर विजेशिवायचं आहे. शॉकरच्या आत एक जादा व्हॉल्व्ह ठेवतात. हालचाल भराभर आणि बारीक असली की तो तेलाला बाजूची वाट उघडून देतो, सावकाश आणि मोठी असली की बंद राहतो. महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये या जातीचे शॉकर आले. बटण नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. वीस-पंचवीस लाखांच्या गाडीतलं हे काम बघून मला मनापासून आनंद झाला होता. आमच्या मातीला जुळणारी गोष्ट आहे ही.

पुढची पायरी विजेची. शॉकरच्या व्हॉल्व्हला सोलेनॉइड जोडायचा, बॉडीवर आणि चाकांजवळ सेन्सर बसवायचे, आणि कंट्रोल युनिटने सेकंदाच्या बारीकशा भागात प्रत्येक चाकाचा शॉकर घट्ट-सैल करायचा. पोर्शेत याला पीएएसएम म्हणतात. 2023 मध्ये केयेनमध्ये बदल झाले तेव्हापासून स्टीलच्या स्प्रिंगबरोबर हे मूळ गाडीतच मिळतं, आणि त्यात दाबण्याला एक आणि सुटण्याला एक असे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात. आपल्याकडच्या गाड्याही या वाटेला लागल्यात. महिंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेल्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्यांत वरच्या प्रकारांना असे शॉकर आहेत.

आणि मग हवा. स्टीलच्या जागी रबराचा बेलो, आत दाबाखालची हवा. इंदूरच्या माणसाने ही हवा आधी बसमध्ये अनुभवली, पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या व्होल्वोत. हवेचा मोठा गुण वजनाशी जोडलेला आहे. स्टीलच्या गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान टाकलं की मागचा भाग बसतो आणि गाडीची लय बदलते. हवेच्या गाडीत सेन्सर सांगतो, कॉम्प्रेसर हवा भरतो, उंची तीच राहते. दाब वाढतो तशी स्प्रिंगही कडक होते, म्हणून एकटा बसा की सगळं घर बसवा, डुलण्याची लय जवळपास तीच. नव्या केयेनच्या बेलोत दोन कप्पे आहेत. एक बंद केला की हवेला जागा कमी उरते आणि स्प्रिंग घट्ट होते. दोन्ही उघडे ठेवले की मऊ. शिवाय उंची बदलता येते. या पिढीच्या केयेनला हवेवर 162 ते 245 मिलिमीटर अशी जमिनीपासूनची उंची मिळते, नेहमीची 190. स्टीलवर ती कायम 210.

हे आकडे मी त्याला कागदावर लिहून दिले. म्हटलं, हातभर रुंदीच्या गतिरोधकावर तुला रोजच्या रोज 190 पेक्षा 210 कामाची. हवेत 245 आहेत हे खरं, पण त्यासाठी दर वेळी बटण दाबून थांबावं लागेल, आणि गर्दीच्या वेळी मागचा रिक्षावाला तुला थांबू देणार नाही.

पण खरा मुद्दा दुसरा होता, आणि तो दाखवायला मी त्याला शेडच्या मागे नेलं. तिथे एक जुनी परदेशी एसयूव्ही उभी होती, एका बाजूला कलंडलेली. मालक म्हणत होते, रात्री लावताना सरळ असते, सकाळी पुढचं डावं चाक फेंडरमध्ये गेलेलं असतं. बाटलीत साबणाचं पाणी करून बेलोवर फवारलं. आधी काहीच नाही. गाडी उंच करून बेलो ताणला, खालच्या घडीजवळ बोटाने रबर जरा उलगडलं, तेव्हा घडीच्या आत एका रेघेत मोहरीएवढे बुडबुडे उठले. घडी उघडल्याशिवाय ती चीर दिसतच नाही. रबर रोज त्याच जागी दुमडतं, घडीत धूळ बसते, आणि मे महिन्यातल्या डांबराचा ताव खालून लागतो. चीर छोटी असते, हवा थोडीच जाते. मात्र ती थोडी हवा भरायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालत राहतो. तो मुळात अधूनमधून चालण्यासाठी बनवलेला, सतत चालला की तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते, ओलावा शोषणारे दाणे संपतात, आणि मग ओली हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते. एका घडीतल्या चिरेपासून सुरू झालेलं बिल असं चार जागी पसरतं. त्या मालकांनी कलंडलेली गाडी कित्येक महिने तशीच वापरली होती. पहिल्या आठवड्यात आले असते तर एका बेलोवर काम भागलं असतं.

हवेचं सस्पेन्शन वाईट आहे, असं मी त्याला सांगितलं नाही, आणि तसं मला वाटतही नाही. महूच्या एका कुटुंबाला मी हवाच घ्यायला सांगितली होती. ते सात सीटची गाडी सात माणसांनी भरूनच निघतात, आणि वॉरंटी संपायच्या आत गाडी बदलतात. त्यांना हवेचा प्रत्येक गुण मिळतो आणि म्हातारपण दुसऱ्याच्या वाट्याला जातं. आमचा हा मुलगा मात्र बापाच्या वळणाचा. त्यांच्या घरी गाडी दहा-बारा वर्षं राहते. वडिलांची जुनी सेडान आजही अंगणात झाकून ठेवलीय आणि चालू आहे. दहाव्या वर्षी रबराचे बेलो एकदा तरी बदलावेच लागणार. स्टीलची स्प्रिंग दहा वर्षांत तुटली तर नशीब वाईट म्हणायचं. पीएएसएमचे शॉकर साध्या शॉकरपेक्षा महाग, तेही कधीतरी जातील, पण ते गेले तरी गाडी रस्त्यात बसत नाही. घरी परत आणते.

उरला प्रश्न वहिनींच्या पाठीचा. ऑर्डर देण्याआधी एका रविवारी त्याच्याच जुन्या एसयूव्हीत आम्ही तिघं निघालो. मी मागे, वहिनींच्या शेजारी. सस्पेन्शनचा निवाडा ड्रायव्हरच्या सीटवरून करू नये, हे माझं ठाम मत आहे. ड्रायव्हरला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, तो अंग सावरून बसतो. शिवाय मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ. राऊ ओलांडून महूच्या पुढे मानपूरपर्यंत जायचं आणि परत यायचं, मधे शहरातलं सगळं येतंच. वहिनींना म्हटलं, दुखेल तिथे बोला, बाकी गप्प बसा.

मला वाटलं होतं गतिरोधकावर बोलतील. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. हायवेच्या लाटांवरही नाही. बोलल्या त्या राजमोहल्ल्याजवळ, एका बाजूच्या खचलेल्या चरीतून डावी चाकं गेली तेव्हा. "भाऊजी, हे. हे असं मान इकडून तिकडे झटकतं ना, ते."

हे ऐकून मला पुढचं सगळं स्पष्ट झालं. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना एका पोलादी दांड्याने जोडतात, स्टॅबिलायझर बार. गाडी स्पोर्टी हवी तर बार जाड. वळणावर ते छान. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की जाड बार तो हिसका दुसऱ्या बाजूला पोचवतो आणि सगळी बॉडी आडवी हलते. जितके उंच बसाल तितकं डोकं जास्त फेकलं जातं. मणक्याच्या माणसाला वर-खाली होण्यापेक्षा हे आडवं फेकणं नडतं. याचा हवा की स्टील याच्याशी फार थोडा संबंध. केयेनमध्ये यावरही पर्याय आहे, 48 व्होल्टच्या मोटरने बारची घट्टाई बदलणारा. सरळ रस्त्यावर तो बार जणू सोडूनच देतो. मी त्याला सांगितलं, काही लाख हवेवर घालायचेच असतील तर त्याऐवजी इकडे घाल. तो विचार करतो म्हणाला. हा पर्याय त्याने शेवटी घेतला नाही, आणि मला ते आजही पटलेलं नाही.

चाकांच्या बाबतीत मात्र मी हट्ट सोडला नाही. कॅटलॉगमधल्या फोटोत गाडी नेहमी मोठ्या रिंगवर उभी असते, आणि माणूस फोटो बघून रिंग निवडतो. टायरची बाजू हीच पहिली स्प्रिंग. गणित सोपं आहे: 235/60 लिहिलेल्या टायरची बाजू 141 मिलिमीटर उंच, 295/35 ची 103. जवळपास चार सेंटिमीटर रबर आणि हवा गेली. तीक्ष्ण धक्का आधी तिथे मरायला हवा, तिथे सुटला तर वरच्या शॉकरला त्याच्याशी झगडावं लागतं. त्यात मोठी रिंग जड, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, ते जितकं वाढेल तितकं चाक रस्त्यावर टेकवणं शॉकरला अवघड. बारीक बाजूचा टायर आमच्या पेव्हरच्या कडेवर आदळला की आतले धागे तुटून बाजूला गाठ येते. पावसाळ्यात असे टायर दुकानात किती येतात ते मी बघतो. लाखो रुपये देऊन बदलते शॉकर घ्यायचे आणि त्याखाली 22 इंची रिंग घालायची, याला काही अर्थ नाही. त्याला 20 इंचांवर आणायला वेळ लागला. त्याच्या बायकोला 22 इंची आवडली होती. शेवटी वहिनीच सुनेला म्हणाल्या, "अगं, रिंग बाहेरून बघणाऱ्याला, बसायचं आपल्याला."

मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी कडक का असते, हेही त्याने विचारलं. कॅटलॉग वाचून वाचून त्याला आता रस आला होता. 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या ब्रिटिश इंजिनिअरने हे नीट बसवलं. लाट आधी पुढच्या चाकाला लागते, मागच्याला किंचित उशिरा. मागची लय थोडी जलद ठेवली तर ती उशिरा सुरू होऊनही पुढचीला गाठते आणि गाडी नाक खाली-वर न करता सपाट राहते. म्हणून डिकीत कायम जड सामान घेऊन फिरू नये. आणि म्हणूनच गाडी बसते वाटली की स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर ठोकून घेणाऱ्यांचा मला राग येतो. बाजारात ते सर्रास मिळतात. वेढा अडला की तेवढी स्प्रिंग कामातून जाते, उरलेल्या वेढ्यांवर ताण येतो, आणि इंजिनिअरने वर्षं घालून जुळवलेली लय एका दुपारात बिघडते. पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या आवारात 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच आवारात आरामाची चाचणी घ्यायचे आणि गाडी खिळखिळी करून बघायचे खडबडीत ट्रॅकही आहेत, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. तिथे चाचणी घेणारी मंडळी ज्या गोष्टीसाठी महिने घालवतात, ती दोन बफरनी सुधारेल, हे मानायला मी तयार नाही.

ऑर्डर गेली ती अशी: स्टील स्प्रिंग, पीएएसएम, 20 इंच. वाचलेल्या पैशांतून मी त्याला जादा टायरचा एक जोड घ्यायला लावला. त्या मापाचा टायर सेंधव्याला किंवा शिरपूरला रात्री मिळत नाही, आणि गणपती घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडली की सेंधव्यापर्यंत मोठं गाव नाही.

गाडी यायच्या आधी त्याला आणखी दोन गोष्टी लिहून दिल्या. या कोणत्याही नव्या गाडीला लागू आहेत. लांबून जहाजात आणि ट्रेलरवर येणाऱ्या गाड्या वाटेत हलू नयेत म्हणून काही कंपन्या स्प्रिंगमध्ये प्लॅस्टिकचे किंवा रबराचे ठोकळे अडकवून पाठवतात. ताबा देण्याआधी ते काढायचे असतात, आणि कधीमधी राहून जातात. तसं झालं तर गाडी दगडासारखी कडक लागते आणि मालक सस्पेन्शनच्या निवडीला दोष देत बसतो. म्हणून हार घालायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्यायला सांग आणि टॉर्च मारून चारी स्प्रिंगचे वेढे स्वतः बघ. दुसरं, वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढचा आणि मागचा दाब लिहिलेला असतो, दोन माणसांसाठी वेगळा, भरल्या गाडीसाठी वेगळा. तो वाच, टायर गार असताना मोजून घे, आणि मगच वहिनींना मागे बसव.